भिंतीवर नसलेलं चित्र

"...पण माझं नेमकं चुकतंय कुठं, गुरुजी?"

रणधीर इंगवलेने हे विचारलं तेव्हा गाडी महालक्ष्मीच्या सिग्नलला उभी होती.

शेजारी बसलेले मुजावर गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या मधल्या कठड्यावर एका माणसाने धुतलेला शर्ट पसरला होता आणि तो वाळायची वाट बघत उघडाच बसून राहिला होता.

"गुरुजी..."

"ऐकलं मी," गुरुजी म्हणाले. "आधी चित्रं बघू की. त्यासाठीच निघालोय ना?"

सिग्नल सुटला. रणधीरने गाडी पुढे काढली.

रणधीर चित्रकार होता आणि त्याचं बरं नाव झालं होतं. मुंबईत त्याचं स्वतःचं घर होतं, चित्रं काढायला वेगळी जागा होती, हाताखाली शिकणारी मुलं होती. महिन्याभराने त्याचं मोठं प्रदर्शन लागायचं होतं. निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या.

पण चित्रं झाली नव्हती.

म्हणजे होत होती आणि मरत होती. रोज सकाळी तो कॅनव्हाससमोर उभा राही, हात सराईतपणे चाले, आणि संध्याकाळी समोर जे उभं राही ते बघून त्याला कंटाळा येई. मग तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून देई. असे पाठमोरे कॅनव्हास आता खोलीभर झाले होते. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी तो गाडी घेऊन थेट गावी गेला आणि गुरुजींना घेऊन आला.

हसन मुजावर हे गारगोटीजवळच्या एका गावात चित्रकलेचे शिक्षक होते. आठवीत असताना रणधीरने कर्कटकाने बाकावर हेडमास्तरांचं तोंड कोरलं होतं. सगळ्या वर्गाला वाटलं, आता छड्या. गुरुजींनी ते तोंड बराच वेळ न्याहाळलं, कान जरा खाली गेलाय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी कागदांचा गठ्ठा आणला. तिथून सगळं सुरू झालं.

निवृत्त झाल्यावर गुरुजी गावाबाहेरच्या टेकडीवर, दर्ग्यात रमले होते. सकाळी आवार झाडायचं, संध्याकाळी लोबान लावायचा, मधल्या वेळात येतील त्या पोरांना पानं-फुलं काढून दाखवायची. अंगावर पांढरा सदरा-पायजमा, खांद्याला कापडी पिशवी. मुंबईलाही ते तसेच आले होते.

रणधीरला त्यांचा अभिमान होता. मुलाखत कुठलीही असो, तो एक वाक्य हमखास म्हणायचा. माझ्या गुरूंनी आयुष्यात एकच मोठं चित्र काढलं, ते आज या शहरातल्या सगळ्यात मोठ्या कलादालनात आहे, आणि त्यानंतर त्यांनी ब्रश खाली ठेवला.

ऐकणारे मग रणधीरकडे जरा वेगळ्या नजरेने बघत.

ते चित्र गुरुजींच्या बायकोचं होतं. जुबेदाचाची उंबऱ्याशी बसून सुपात तांदूळ निवडतायत, इतकंच. हेडमास्तरांनी ते परस्पर स्पर्धेला पाठवलं, त्याला राज्याचं बक्षीस मिळालं, सरकारने ते विकत घेऊन मुंबईत लावलं. रणधीर तेव्हा शाळेतही जात नव्हता. गुरुजींनी त्यानंतर ते कधी पाहिलं नव्हतं. मुंबईला यायचा प्रसंगच आला नाही म्हणायचे.

चाची चार वर्षांपूर्वी गेल्या. रणधीर त्या वेळी परदेशात होता. शाळेच्या दिवसांत त्याने त्यांच्या हातची भाकरी किती खाल्ली होती याला गणती नव्हती, तरी मातीला तो गेला नव्हता. नंतर गेला, पण नंतर जाणं वेगळं.

म्हणून त्याने हा दिवस आखला होता. सकाळपासून शहरातली मोठी दालनं गुरुजींना दाखवायची आणि शेवटी, चार वाजता, त्यांना चाचींसमोर नेऊन उभं करायचं. तिथे एक छायाचित्रकार बाई येणार होत्या. गुरुजी आणि ते चित्र असा एक फोटो प्रदर्शनाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर घालायचा होता.

हे फोटोचं त्याने गुरुजींना सांगितलं नव्हतं.

पहिलं दालन कुलाब्यातलं. रणधीरचं प्रदर्शन इथेच लागायचं होतं. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, दवाखान्यासारख्या पांढऱ्या भिंती, आणि प्रत्येक चित्राभोवती मोकळी जागा सोडलेली.

रणधीर गुरुजींना एकेका चित्रापुढे नेत होता आणि सांगत होता. हा कुठे शिकला, त्याने कुणाचं उचललंय, ह्याचं नाव सध्या का चाललंय, त्याचं का पडलं. तो चांगलं सांगायचा. मागे दोन अनोळखी माणसं रेंगाळून ऐकायला लागली तेव्हा त्याने आवाज थोडा मोठा केला.

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की गुरुजी शेजारी नाहीत.

ते मागेच एका लहानशा चित्रापुढे थांबले होते. शाईने काढलेलं, वहीच्या पानाएवढं. रिकाम्या खाटेवर पडलेली चादर.

"ते विशेष नाही गुरुजी. पुढं चला."

"बघतोय अजून."

रणधीर थांबला. मग घड्याळ बघितलं. मग दालनाच्या मालकीणबाईंशी बोलायला गेला. परत आला तरी गुरुजी तिथेच होते. एकदा जवळ जात होते, एकदा मागे सरकत होते, हात पाठीशी बांधलेले.

मालकीणबाई अदबीने पुढे आल्या. त्यांनी रणधीरकडून सगळं ऐकलं होतं. इतकं मोठं चित्र काढल्यावर ब्रश कायमचा खाली ठेवणं किती अवघड गेलं असेल, असं त्यांनी विचारलं.

गुरुजींना प्रश्न कळायला जरा वेळ लागला.

"खाली कुठला," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात अंगणवाडीची भिंत रंगवली की. हत्ती काढला. पोरं म्हणाली सोंड आखूड झाली, मग लांबवली."

मालकीणबाई हसल्या. रणधीरही हसला, पण त्याचे कान तापले.

जिन्यावरून उतरताना तो म्हणाला, की असं सगळ्यांना सांगायची गरज नसते. गुरुजींनी मान डोलावली. बरं म्हणाले.

दुसरं दालन काळ्या घोड्याजवळचं. इथे कुणालाही प्रदर्शन लावता येई, फक्त पाळी यायला वर्षांमागून वर्षं जात. बाहेरच्या फुटपाथवर झाडांना टेकवून चित्रं विकायला ठेवलेली होती. गुरुजींनी आधी तीच सगळी बघितली. रणधीर दारात उभा राहून वाट बघत होता.

आत नांदेडकडून आलेल्या एका चित्रकाराचं प्रदर्शन होतं. पन्नाशीचा माणूस, नवा कोरा कुर्ता घातलेला, खुर्चीवर एकटा बसला होता. बघायला कुणीच नव्हतं. हे दोघं आत आले तसा तो उठून उभा राहिला.

रणधीरने एक चक्कर मारली. सगळ्या चित्रांना मिळून जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात चहाही निवला नसता. मग तो दारापाशी जाऊन फोन बघत राहिला.

गुरुजी मात्र गुंतले. त्या माणसाने थर्मासमधला चहा दिला, तो त्यांनी घेतला. कापड कुठून आणता, रंग कुठल्या दुकानातले, काळ्या मातीचा हा रंग कसा साधला, असं काय काय विचारत होते. तो माणूस आधी बिचकत बोलत होता. मग एकेका चित्रासमोर नेऊन हातवारे करून सांगायला लागला. त्याचा आवाज दारापर्यंत येत होता.

निघताना त्या माणसाने वाकून गुरुजींच्या पायाला हात लावला.

बाहेर आल्यावर गुरुजींनी विचारलं, "तू काय पाहिलंस?"

रणधीरने सांगितलं. मांडणी कच्ची, रंग गढूळ, आकाश सगळीकडे एकाच पद्धतीचं, आणि माणसांचे पाय काढता येत नाहीत म्हणून सगळी माणसं गवतात उभी.

"हो. पाय नाहीत खरे," गुरुजी म्हणाले. "डोळा चांगला आहे तुझा. पहिल्यापासून."

रणधीर सुखावला.

थोडं चालून गेल्यावर गुरुजी म्हणाले, "दमत असेल पण."

"कोण?"

"डोळा. दारातून आत गेल्या गेल्या सगळं काम उरकायचं म्हणजे..."

रणधीर गाडीची किल्ली चाचपत पुढे झाला.

जेवायला ते फोर्टातल्या एका खाणावळीत गेले. कोपऱ्यात, पंख्याखाली, दोघांना एक टेबल मिळालं. तिथे रणधीरने मनातलं सगळं बोलून टाकलं. पाठमोरे कॅनव्हास, रोजची सकाळ, रोजची संध्याकाळ. हात अडत नाही हेच वाईट, म्हणाला. अडला असता तर निदान कळलं असतं. आता लोक येतील, बघतील, वाहवा करतील, आणि एखाद्यालाच दिसेल की आत काही नाही. त्या एकाची मला भीती वाटते.

बोलताना त्याने पोळीचा तुकडा मोडून ठेवला होता, तो तसाच राहिला.

गुरुजी आमटी-भात कालवत होते.

"शुभदा काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

शुभदा म्हणजे रणधीरची बायको. काल रात्री तिने गुरुजींना आग्रहाने वाढलं होतं आणि मग ते दोघं गावाकडच्या माणसांबद्दल बराच वेळ बोलत बसले होते. रणधीर त्या वेळी वरच्या खोलीत होता.

"तिला सांगितलं नाही."

"का?"

"वेळ कुठं असतो, गुरुजी..."

गुरुजींनी भाताचा घास घेतला. मग ताटातला पापड अर्धा मोडून रणधीरच्या ताटात ठेवला. शाळेत असताना चाची वाढायच्या तेव्हाही ते असंच करायचे.

प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. पण तिसरं दालन राहिलं होतं, आणि रणधीरची सगळी मदार त्यावरच होती.

ते सरकारी कलादालन म्हणजे दगडी, उंच, गोल छताचं. आत शिरलं की बोलणं आपोआप हळू होई. रणधीर बावीस वर्षांचा असताना, गावाहून पहिल्यांदा मुंबईत उतरला तेव्हा, वळकटी खोलीवर टाकून आधी इथे आला होता. चाचींच्या चित्रापुढे उभा राहून रडला होता. नंतर तो इथे कितीतरी वेळा आला. पाहुण्यांना घेऊन, विद्यार्थ्यांना घेऊन, एकदा टीव्हीवाल्यांना घेऊन. चित्राच्या बाजूला उभं राहून, येणाऱ्यांकडे तोंड करून तो बोलायचा. छान बोलायचा.

छायाचित्रकार बाई जिन्याशी येऊन थांबल्या होत्या. रणधीरने त्यांना खुणेनेच वर यायला सांगितलं.

"गुरुजी, आता डोळे मिटा."

"का रे?"

"मिटा तर."

गुरुजींनी लहान मुलासारखे डोळे मिटले. रणधीरने त्यांचा हात धरला. तो हात हलका आणि कोरडा होता, आणि आपण हा हात आयुष्यात पहिल्यांदाच धरतोय असं त्याला वाटून गेलं. एकेक पायरी सांगत त्याने त्यांना वर नेलं, उजवीकडे वळवलं, दुसऱ्या खोलीतून तिसऱ्या खोलीत, खिडकीजवळच्या भिंतीपाशी आणलं. वाट त्याच्या पायांना पाठ होती. तो उलटा चालत होता, गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघत. त्याला तो चेहरा बघायचा होता.

बाईंनी कॅमेरा वर केला.

"आता उघडा."

गुरुजींनी डोळे उघडले.

रणधीरला वाटलं होतं, ते हलतील. निदान ओठ तरी थरथरतील. तसं काही झालं नाही. चेहऱ्यावर नुसतं कुतूहल आलं. मान थोडी पुढे झाली.

"हे कुणाचं?" गुरुजींनी विचारलं.

रणधीर वळला.

भिंतीवर चपला होत्या.

मोठं, लांबरुंद चित्र. चाळीतल्या एका बंद दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला. रबरी, चामड्याच्या, टाचांच्या, शाळेचे बूट, एकावर एक. दार लावलेलं. बाकी काही नाही. खाली पट्टीवर यामिनी कोळंबकर असं नाव होतं. रणधीरने ते कधी ऐकलं नव्हतं.

चाची कुठेच नव्हत्या.

तो शेजारच्या भिंतीकडे गेला, पलीकडच्या खोलीत गेला, परत आला. बाईंनी कॅमेरा खाली घेतला.

"मी बघतो," तो म्हणाला. "चूक झाली असणार यांची. इथंच थांबा गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली. त्यांचं लक्ष चपलांकडे होतं.

खाली कार्यालयात रणधीरचा आवाज चढला. तो कोण आहे हे त्याने सांगितलं, वर बसलेले कोण आहेत हेही सांगितलं. संचालिका हातमागाची साडी नेसलेल्या शांत बाई होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. संग्रह मोठा आहे आणि भिंती थोड्या आहेत, म्हणाल्या, म्हणून चित्रं आळीपाळीने लावतो. जी उतरवतो ती तळघरात नीट जपून ठेवतो. मुजावरांचं चित्र उतरवलं त्याला आता वर्ष होऊन गेलं.

"वर्ष..." रणधीर म्हणाला.

दोन महिन्यांपूर्वीच त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं. ते चित्र आजही तिथे आहे, मी अडलो की त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो.

तो खुर्चीत मागे टेकला. भांडायला आलेला माणूस विनंती करायला लागला. गुरुजींचं वय सांगितलं, चाची गेल्याचं सांगितलं. मातीला आपण नव्हतो हेही बोलून गेला, ते का बोललो हे त्याला कळलं नाही. संचालिकाबाईंनी ऐकून घेतलं. मग फोन उचलून तळघराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असत त्या गृहस्थांना बोलावलं आणि सांगितलं, की दालन बंद व्हायच्या आत गुरुजींना खाली नेऊन चित्र दाखवा. हवा तितका वेळ बसू दे त्यांना.

रणधीर जिना धावत चढला.

गुरुजी चपलांसमोरच्या बाकावर बसले होते. पिशवी मांडीवर.

"चला गुरुजी. काम झालं. खाली आहे चित्र, ते काढून ठेवतायत."

"बस की जरा."

"वेळ नाही. बंद करतील."

"आत काय चाललं असेल रे?"

"कुठं?"

"ह्या दाराआड. इतकी माणसं जमलीत. आवाज तर काही येत नाही."

रणधीरला हसावं की चिडावं कळेना. "मयत असेल," तो म्हणाला. "नाहीतर साखरपुडा. गुरुजी, ते गृहस्थ खाली थांबलेत."

"मलाही आधी मयतच वाटली. मग हे बघितलं." गुरुजींनी बोट केलं. ढिगाच्या खालच्या अंगाला एक अगदी छोटी लाल चप्पल मोठ्या बुटाखाली दबली होती. "आता कळेनासं झालंय..."

"गुरुजी." रणधीर त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "खाली चाची आहेत. तुमच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या चाची. त्यांचा एकही धड फोटो नाही घरात, मला माहीत आहे. मी तुम्हाला त्यासाठी आणलंय. बाकी सगळं निमित्त होतं."

गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला मी पाहिलंय," ते म्हणाले. "तू जाऊन ये."

"मी..."

"ते थांबलेत ना खाली? जा."

रणधीर उठला. छायाचित्रकार बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्याने त्यांना आज राहू द्या म्हणून सांगितलं. त्या सामान आवरायला लागल्या.

तळघरात गारवा होता. किल्ल्यांचे गृहस्थ पुढे, रणधीर मागे. छतापासून जमिनीपर्यंत लोखंडी जाळ्या होत्या आणि जाळ्यांना दोन्ही अंगांनी चित्रं टांगलेली. गृहस्थांनी एक जाळी रुळावरून बाहेर ओढली, वरचा दिवा लावला आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले.

चाची.

रणधीर सवयीने चित्राच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की समोर कुणी नाही. सांगायचं कुणाला? तो चित्राच्या पुढे आला.

तोच चेहरा. खाली झुकलेला, नाकात चमकी, कपाळावरून मागे सरकलेला पदर. उजव्या हाताची दोन बोटं सुपातला एक खडा उचलतायत. या बोटांबद्दल तो कितीदा बोलला होता. दोन बोटांत सगळा संसार धरलाय, असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं. लोक ती बोटं बघायचे आणि मान डोलवायचे. त्याच्या विद्यार्थ्यांनी ती बोटं शंभरदा गिरवली असतील.

आज वाक्य नव्हतं. तो नुसता बघत होता. बोटांवरून नजर मनगटावर आली, मनगटावरून सुपावर, सुपाच्या काठाने पलीकडे...

तो पुढे वाकला.

डाव्या हाताला कोपर होतं. मनगट होतं, हिरव्या बांगड्या होत्या. बांगड्यांच्या पुढे काही नव्हतं. कोळशाची एक ओझरती रेघ, बोटं कुठे यायची त्याची नुसती खूण, आणि मग उघडं कापड. ज्या हाताने सूप धरायचं तो हातच रंगवलेला नव्हता. सूप तसंच मांडीवर होतं, आणि इतकी वर्षं ते पडलं नव्हतं.

रणधीर मागच्या एका लाकडी पेटीवर बसला.

बावीस वर्षांचा असताना इथे रडलो, तेव्हा हे दिसलं होतं का? त्याला आठवेना. त्यानंतर दिसलं नव्हतं हे मात्र नक्की.

आणि मग चाचींचा खरा डावा हात त्याच्या डोळ्यांपुढे आला. भाकरी थापताना परातीचा काठ धरणारा. तो जेवत असला की त्या हाताने त्या माश्या वारायच्या आणि उजव्या हाताने वाढायच्या, दोन्ही एकाच वेळी. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग होता. कुठून आला तो डाग, कधी विचारलं नाही.

डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही.

किल्ल्यांच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, फोटो घ्यायचाय का? नको, तो म्हणाला. ते पुन्हा बाजूला झाले. बराच वेळ त्यांनी काही घाई केली नाही. शेवटी खाकरले, तेव्हा रणधीर उठला. जाळी रुळावरून आत गेली.

वर दालनात माणसं कमी झाली होती. लांबच्या खोल्यांतले दिवे मालवत आणले होते. गुरुजी बाकावर तसेच होते.

रणधीर त्यांच्या शेजारी बसला.

समोर चपला. तो बघत राहिला. ढिगाच्या बाजूला, भिंतीला टेकवून, कुणीतरी आपल्या जुन्या वहाणांची जोडी नीट जुळवून ठेवली होती. मघाशी ती त्याला दिसली नव्हती. एका वहाणेचा अंगठा तुटलेला होता आणि तारेने बांधलेला होता.



"गुरुजी."

"हं."

"डावा हात..."

"हं."

"रंगवलेलाच नाही."

"नाही."

रणधीर थांबला. त्याच्या तोंडाशी निरनिराळी वाक्यं आली, सगळी चांगली होती. मुद्दाम सोडला का, रिकाम्या जागेचा काही विचार होता का, असं त्याला विचारता आलं असतं. त्याने त्यातलं काही विचारलं नाही.

"काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"आमचा बशीर जागा झाला पाळण्यात. रडायला लागला. ती उठून गेली."

"मग... नंतर? पुन्हा बसल्याच नाहीत त्या?"

गुरुजी चपलांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बसली की," ते म्हणाले. "रोज बसायची. मग आम्ही बोलत बसायचो."